गार होताना उगवलेली रेषा

नातेवाइकांत माझा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, "मग तो चुंबक फ्रिजला चिकटतो का?" नाही चिकटत. चिकटला असता तर फ्रिजवाल्यांनी त्याच्यावरचं काम कधीच उरकून टाकलं असतं, माझ्या वाट्याला आलंच नसतं. हे मी पूर्वी मनात म्हणायची, आता तोंडावर म्हणते. त्यामुळे लग्नकार्यांत मला हल्ली विषयाबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

माझा क्रिस्टल म्हणजे साडीवरची चमकी असते ना, तेवढाच आणि तसाच चकचकीत तुकडा. आतून तो थरांचा. एक थर निव्वळ धातूचा, त्यात इलेक्ट्रॉन मोकाट धावतात. त्याला लागून एक थर ऑक्साइडचा. तिथले इलेक्ट्रॉन जागचे हलत नाहीत, पण तिथला एकेक धातूचा अणू म्हणजे एकेक बारीकसा चुंबक. परत धातू, परत ऑक्साइड, असं खालपर्यंत. पुरेसं गार केलं की ऑक्साइडमधले हे बारके चुंबक एकदम शिस्तीत उभे राहतात. मात्र शिस्त अशी, की शेजारच्या तिघांची तोंडं तीन दिशांना. बेरीज शून्य. आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हेच चालतं. प्रत्येकाचं मत ठाम असतं आणि ठराव एकही होत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आत सगळं शांत आहे.

माझा प्रश्न एवढाच होता: ऑक्साइडच्या थरातली ही शिस्त शेजारच्या धातूच्या थरात धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांना कळते का? मला वाटत होतं, कळते, आणि ते आमच्या मशीनवर दिसतं. सरांना वाटत होतं, दिसतं ते काहीतरी निराळंच आहे. सर म्हणजे माझे पीएचडीचे मार्गदर्शक. त्यांचं हे मत नुसतं मत नव्हतं. मी शाळेत असताना त्यांनी ते स्वतःच्या पेपरात छापलं होतं आणि जगभर लोक त्याचा आधार घेत होते. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या एका प्रश्नावर उभं होतं. ते टिकलं तर सरांचा पेपर पडणार होता, पेपर टिकला तर माझं प्रकरण. आणि सर त्याच वर्षी निवृत्त होणार होते.

आमचं मशीन म्हणजे जाड स्टीलचं, गोल खिडक्यांचं, चारी बाजूंनी नळ्या फुटलेलं एक धूड. आतली हवा पंपांनी काढून टाकलेली असते. आत क्रिस्टल गार करून ठेवायचा आणि त्याच्यावर अतिनील प्रकाश टाकायचा. प्रकाशाच्या तडाख्याने इलेक्ट्रॉन उडून बाहेर येतात. ते कुठल्या दिशेने आले आणि किती जोरात आले हे मोजलं, की आत असताना ते कसे धावत होते ते कळतं. इलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात ती हीच. स्क्रीनवर काळ्यावर उजळ रेषा उमटतात. त्या रेषा म्हणजे इलेक्ट्रॉनांचे रस्ते.

हे मशीन एकदा उघडलं की हवेतली वाफ आत चिकटून बसते. ती घालवायला अख्खं धूड ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून दिवसचे दिवस तापवत ठेवावं लागतं. फॉइल तीच, डब्यातल्या पोळ्यांची. घराजवळच्या दुकानातून मी ती खोक्याने उचलायची. दुकानदाराला शेवटी राहवलं नाही. "ताई, पोळी-भाजी केंद्र काढलंत का?"

"हो. पण गिऱ्हाईक फार सावकाश खातं."

"मग पार्सलच देत जा," असं म्हणून त्याने पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

या कामात एक मोठी अडचण असते. इलेक्ट्रॉन बाहेर येतात ते क्रिस्टलच्या अगदी वरच्या एक-दोन थरांतूनच. तेवढाच भाग मळका असला तर सगळं मळकं दिसतं. म्हणून क्रिस्टलच्या डोक्यावर काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढा एक खुंट चांदीच्या गोंदाने चिकटवायचा, क्रिस्टल मशीनमध्ये न्यायचा आणि आत गेल्यावर बाहेरून काठी फिरवून त्या खुंटाला टिचकी द्यायची. खुंट उडतो, जाताना वरचे थर घेऊन जातो आणि खाली कोरा करकरीत पृष्ठभाग उघडा पडतो. याला आम्ही क्रिस्टल फोडणं म्हणतो. पण कितीही हवा काढली तरी थोडी उरतेच, आणि ती या कोऱ्या पृष्ठभागावर येऊन बसत राहते. सकाळी आरशासारखा असलेला पृष्ठभाग संध्याकाळपर्यंत कळकट होतो.

म्हणून आमच्याकडे रीत अशी, की क्रिस्टल आधी होईल तितका गार करायचा, मग फोडायचा आणि मग हळूहळू गरम करत न्यायचा. गारठ्यात रेषा सगळ्यात स्वच्छ दिसतात, तेव्हा ताजा पृष्ठभाग त्यांच्यासाठी वापरून घ्यायचा. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती. सरांनी ती त्यांच्या सरांकडून घेतली, मी सरांकडून घेतली. पंक्तीत लिंबाची फोड पानाच्या कुठल्या बाजूला वाढायची हे जसं कुणी शिकवत नाही, तसंच हे होतं.

चुंबकांची शिस्त इलेक्ट्रॉनांना कळत असेल तर त्यांच्या लेखी क्रिस्टलची नक्षीच बदलते. मग स्क्रीनवर मूळ रेषेची एक फिकट नक्कल दुसऱ्या जागी दिसायला हवी, आणि गरम केल्यावर शिस्त मोडली की ती नक्कल नाहीशी व्हायला हवी. मला ती दिसली. इतकी फिकट, की मी आधी स्क्रीन पुसून पाहिला. मग मी क्रिस्टल गरम करत गेले, आणि जिथे जायला हवी तिथेच, थोडी मागेपुढे, ती गेली. मी जवळजवळ पळतच सरांच्या खोलीत गेले. सर पेरू चिरत होते.

"सर, नक्कल गेली!"

"वा. अभिनंदन." त्यांनी एक फोड माझ्यापुढे केली. "आता परत गार करा आणि ती परत आली की मला बोलवा."

मी परत गार केलं. वाट पाहिली. मोजमाप दुप्पट वेळ चालू ठेवलं. मूळ रेषा होती, जराशी अंधुक झालेली. नक्कल नव्हती. संध्याकाळी सर स्वतःच डोकावले.

"आली का पाहुणी?"

"नाही सर."

"यायची नाही. माझ्या वेळीही गेली ती गेलीच. चुंबकांची असती तर गार केल्यावर परत आली असती. म्हणजे ती वरच्या थरातल्या अणूंची काहीतरी गडबड. ऊब लागली, मळ बसला, संपली. छापलंय हे मी. आपण वाचलं असेलच."

वाचलं काय, पाठ होतं. आणि सर एरवी मला "अहो, तुम्ही" म्हणायचे. "आपण" म्हणाले की समजायचं, आपला निकाल लागला.

दुसरी कुणी असती तर तिने हाय खाल्ली असती. मला राग आला. माझा राग नाकावर असतो असं घरचे म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात, पण तो मला कामाला लावतो. ती रेषा चुंबकांचीच आहे याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. ती ज्या ठिकाणी दिसत होती ते ठिकाण चुंबकांच्या शिस्तीनेच ठरतं. वरच्या थरातल्या गडबडीला नेमकी तीच जागा सापडावी, हा योगायोग मला मान्य नव्हता. शिवाय क्रिस्टल गरम करताना त्याच्या आसपासचे मशीनचे गार भागही थोडे गरम होतात. त्यांच्यावर गोठून बसलेले वायू सुटतात आणि नेमके क्रिस्टलवर येऊन बसतात. इतका मळ बसल्यावर नक्कल चुंबकांची असो नाहीतर आणखी कशाची, ती परत येणार कशी? म्हणजे ती परत आली नाही यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. सरांच्या बाजूनेही नाही.

हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "असेल." मग म्हणाले, "पण 'असेल'वर प्रबंध होत नाही." तेही खरंच होतं, आणि म्हणून मला आणखी राग आला.

त्यानंतर आमचं भांडण सुरू झालं ते थांबेना. जिन्यात भांडलो, कॅन्टीनमध्ये भांडलो, त्यांची बस येईपर्यंत स्टॉपवर उभं राहून भांडलो. सरांशी भांडणं म्हणजे फार मजेची गोष्ट आहे. ते आवाज कधीही चढवत नाहीत आणि एक पाऊलही मागे घेत नाहीत. अशाच एका दुपारी ते पुन्हा "मळ, मळ" म्हणाले आणि मी उसळले.

"सर, मळाने रेषा पुसेल. मळाने रेषा उगवणार नाही! आमच्या मजल्यावर शेजारच्या काकू रांगोळी काढतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी ती पुसते. पायांनी रांगोळी उमटलेली पाहिलीय का कुणी?"

बोलून गेले आणि मग मी काय बोलले ते माझं मलाच ऐकू आलं.

"म्हणजे," सर म्हणाले, "गरम असताना फोडायचा म्हणताय?"

"गरम असताना फोडायचा आणि गार करत न्यायचा. उलट."

आमचं गरम म्हणजे हवेचंही पाणी होऊन वाहायला लागेल इतकं गार, पण चुंबकांची शिस्त लागते त्याच्या वरचं. तिथे फोडलेल्या ताज्या पृष्ठभागावर नक्कल दिसायलाच नको. मग गार करत जायचं. दर तासाला पृष्ठभाग मळतच जाणार. आणि तो मळत असताना जर नक्कल उगवली, तर ती मळाची करणी असूच शकत नाही.

सर लगेच मान हलवणाऱ्यांतले नव्हेत. "गार केलं की सगळंच स्पष्ट होतं," ते म्हणाले. "नक्कल आधीपासून असेल, नुसती दिसायला लागली, असं म्हणेन मी."

"आणि मूळ रेषा मळाने अंधुक होत असेल, तरी नक्कल उजळत असेल, तर काय म्हणाल?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तर मी काही म्हणणार नाही," ते म्हणाले. "क्रिस्टल आहे का?"

क्रिस्टल नव्हता. होते ते सगळे मी फोडून संपवले होते.

आमचे क्रिस्टल वाढवायचा माझा मित्र. त्याचं घराणं कित्येक पिढ्या पुण्यातलं. वडिलांचं पेठेत पुस्तकबांधणीचं दुकान, आणि त्याचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध, हे तो मला अधूनमधून आवर्जून ऐकवायचा. भुकट्या मिसळून नळीत सील करायच्या, भट्टीत घालायच्या आणि भट्टी इतक्या सावकाश गार करायची की शेजारून जातानाही पावलांचा आवाज करायला तो मनाई करी. पीएचडी झाल्यावर तो हिंजवडीला एका कंपनीत लागला. डेटाचं काम, बरा पगार, कंपनीची बस. भट्टी तेव्हापासून बंद होती. पण त्याने वाढवलेल्यांतला सगळ्यात देखणा तुकडा तो जाताना स्वतःसाठी घेऊन गेला होता, हे मला माहीत होतं. मी फोन केला तेव्हा तो त्या बसमध्ये, वाकडच्या पुलाशी अडकलेला होता.

"तो सोडून काहीही माग," तो म्हणाला.

"तोच हवाय. शिस्त कुठल्या तापमानाला लागते ते तू त्याच्यावर स्वतः मोजलं आहेस. मला तो आकडा बरोबर घेऊन आलेला क्रिस्टल पाहिजे."

"फोडणार तू त्याला."

"त्याशिवाय आत काय आहे ते कसं दिसणार?"

पलीकडून नुसते हॉर्न ऐकू येत होते. मग तो म्हणाला, "मॅडम, इतकी वर्षं मी तुम्हा लोकांना क्रिस्टल दिले. आत काय दिसलं ते मला दरवेळी पेपर छापून आल्यावर कळलं. शनिवारी आणतो. पण फोडताना मी तिथे असणार." मी म्हटलं, ये. त्याला यापूर्वी कधी बोलवावंसं आम्हाला सुचलं कसं नाही, याचं मला नवल वाटलं.

तयारीला बाकी काही फारसं लागलं नाही. क्रिस्टल मधल्याच तापमानाला तासन् तास स्थिर ठेवायची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती, त्यामुळे एक छोटा हीटर नव्याने बसवावा लागला. त्याचा रेझिस्टर आणायला मी बुधवार पेठेत गेले. दुकानदाराने विचारलं, कशाला हवाय. मी सांगितलं, एक तुकडा गरम ठेवायचाय. "मग गॅसवर ठेवा," तो म्हणाला आणि एक खण उघडून नेमका हवा तो रेझिस्टर काउंटरवर ठेवला.

शनिवारी सकाळी मित्र डबी घेऊन आला. डबीत कापूस, कापसात क्रिस्टल. खुंट मी चिकटवला. गोंद जास्त झाला तर कडेने ओघळतो आणि मग क्रिस्टल थरावर न फुटता भलतीकडेच फुटतो. कमी झाला तर खुंट नुसताच निघून येतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे करायला स्थिर हात लागतो आणि माझा आहे. हे मी नम्रपणे सांगत बसत नाही, कारण त्यात मेहनत माझी आहे. मित्र शेजारी उभा राहून श्वास रोखून पाहत होता. मी त्याला म्हटलं, तू श्वास घे, तुझ्या श्वासाने काही हलत नाही.

क्रिस्टल आत गेला. हीटरने त्याला शिस्तीच्या तापमानाच्या बराच वर धरून ठेवलं. मी काठी फिरवली. मित्राने डोळे मिटले. टिक् असा आवाज झाला, खुंट उडून मशीनच्या तळाशी गेला, आणि खिडकीतून पाहिलं तर आत आरसा. मित्राने एक डोळा उघडला. "गेला का?"

"गेला नाही. उघडला."

पहिलं मोजमाप झालं. मूळ रेषा झगझगीत, आणि नक्कल जिथे यायला हवी तिथे पूर्ण काळोख. मित्राला मी एकेक रेषा बोटाने दाखवली. हे धातूच्या थरातले इलेक्ट्रॉन, हा त्यांचा रस्ता. तो स्क्रीनच्या इतक्या जवळ गेला की मला त्याला मागे ओढावं लागलं. तेवढ्यात सर आले. शनिवारी ते कधीच येत नसत. "सहज आलो," म्हणाले, आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले ते बसले नाहीत.

मग एकेक पायरी गार करत जायचं, थांबायचं, मोजायचं. मूळ रेषा ठरल्याप्रमाणे अंधुक व्हायला लागली. नकलेच्या जागी काही नाही. आणखी गार. काही नाही. दुपारी डबे उघडले, मित्राने आणलेले शामी कबाब मी आणि त्याने खाल्ले, सरांनी आपला दहीभात उभ्यानेच खाल्ला. मित्राने मोजलेलं तापमान आलं. मोजमाप झालं. काही नाही.

तेव्हा मात्र मी घाबरले. उगाच कशाला लपवायचं. हा क्रिस्टल शेवटचा होता. सरांचा पेपर बरोबर होता, माझं प्रकरण संपलं होतं, आणि माझ्या मित्राचा सगळ्यात देखणा तुकडा मी वाया घालवला होता. मित्राने हळूच विचारलं, "तुझा थर्मामीटर क्रिस्टलवर आहे की शेजारी?"

थर्मामीटर क्रिस्टलच्या खालच्या तांब्याच्या दांड्यावर असतो. दांडा गार झाला तरी क्रिस्टल त्याच्या मागे थोडा उबदार राहतो. हे मला माहीत होतं, भीतीपायी डोक्यातून गेलं होतं. मी आणखी दोन पायऱ्या खाली उतरले.

"थांबा," मागून सर म्हणाले. "डावीकडे. वर."

मला काहीच दिसत नव्हतं. सरांनी माझ्या खांद्यावरून हात पुढे करून स्क्रीनवर बोट ठेवलं. तिथे, काळोखात, असून नसल्यासारखा एक राखाडी धागा होता. मी आणखी गार केलं. धागा रेषा झाला. मूळ रेषा सकाळच्या मानाने पार निस्तेज पडली होती, आणि तिच्यापासून दूर, तिची नक्कल मोजमापागणिक उजळत चालली होती.

"जरा वर न्या," सर म्हणाले. थोडंसंच गरम केलं, वायू सुटणार नाहीत एवढंच. रेषा गेली. "खाली आणा." रेषा आली. आधीपेक्षा फिकट, पण त्याच जागी. त्यांनी मला हे आणखी एकदा करायला लावलं, आणि ती आणखी एकदा गेली आणि आली.

मित्र खुर्चीत बसला होता. "ही माझ्या क्रिस्टलमध्ये होती?" तो म्हणाला. "इतकी वर्षं माझ्या डबीत ही होती?" त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्याला भानही नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की मला रडू येईना. मी वळून सरांकडे पाहिलं. ते अजून स्क्रीनकडेच बघत होते.

"उलट करून बघायचं मला सुचलंच नाही," ते म्हणाले. "सुचायला काहीच हरकत नव्हती." मग ते बाहेर गेले आणि आम्हा तिघांसाठी चहा सांगून आले.

पेपर लिहायला मी फार वेळ लावला नाही. लिहिताना मी कधी अडत नाही. या वेळी एका वाक्याशी अडले. सरांच्या जुन्या निष्कर्षाबद्दल काहीतरी म्हणायला हवं होतं. मी पुष्कळ खटाटोप करून लिहिलं, की पूर्वीच्या एका निष्कर्षाचा पुनर्विचार करण्याची आवश्यकता भासते. कच्चा मजकूर सरांना दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं तेव्हा तो कागद त्यांच्या टेबलावर होता आणि त्या वाक्यावर लाल रेघ होती.

"कुणाचा निष्कर्ष?" त्यांनी विचारलं.

"तुमचा, सर."

"मग तसं लिहा. आणि आवश्यकता भासते म्हणजे काय? कुणाला भासते? तो चुकीचा होता. चुकीचा होता असं लिहा."

मी बरं म्हटलं. मग पाहिलं, तर वर लेखकांच्या नावांतही एक लाल रेघ होती. माझं नाव होतं, मित्राचं होतं. सरांचं खोडलेलं होतं.

"हे काय?"

"अहो, मी नाव ठेवलं तर लोक म्हणतील, वा, म्हाताऱ्याने स्वतःची चूक स्वतः दुरुस्त केली. फुकटचा मोठेपणा. काम तुमचं आहे."

"मशीन तुमचं आहे. प्रत्येक शंका तुम्ही काढलीत. त्या शंका नसत्या तर मी पहिल्याच दिवशी नक्कल गेली म्हणून पेढे वाटले असते, आणि कुणीतरी मला नंतर खोटं पाडलं असतं."

"शंका काढण्याचा मला पगार मिळतो," ते म्हणाले. "मिळत होता, म्हणा. पुढच्या महिन्यापासून नाही."

ते हसत होते, पण मला ते बघवेना. मी त्यांचा जुना पेपर आदल्या रात्री पुन्हा उघडून पाहिला होता. त्यातली चित्रं आजच्या मानाने भयंकर होती. जुना डिटेक्टर, जाड ठिपके, अर्धं चित्र धुळकट. आणि त्या धुळकट चित्रात, डावीकडे, वर, त्यांनी एक बाण काढला होता.

"सर," मी म्हटलं, "ती रेषा पहिल्यांदा तुम्ही पाहिलीत. त्या चित्रात मला आजही ती दिसत नाही, आणि मला तर ती कुठे आहे ते माहीत आहे. दुसऱ्या कुणी ती गाळ म्हणून सोडून दिली असती. तुम्ही बाण काढून छापलीत. तुम्ही ती छापली नसती तर मी ती शोधायला गेलेच नसते. तिचं कारण सांगताना तुम्ही चुकलात. बघण्यात तुमची चूक नाही झाली."

बाहेर कुणीतरी पंपाची झडप उघडली, तिचा फुस्स आवाज आला. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा मला पहिल्यांदाच खूप थकलेला आणि खूप जवळचा वाटला.

"हे लिहिणार आहात का कुठे?" त्यांनी विचारलं.

"पहिल्याच परिच्छेदात."

त्यांनी कागद स्वतःकडे ओढून घेतला आणि खोडलेल्या नावाशेजारी ते पुन्हा लिहिलं.